लाल दोऱ्याची बाटली

माझी वहिनी समुद्र पाहायला निघाली तेव्हा घरच्या विहिरीचं पाणी बरोबर घेऊन निघाली. प्यायला नव्हे, ताडून पाहायला.

आमचं गाव दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही जमीन इतकी काळीभोर की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, आणि तिथे विहीर खणली की जे पाणी लागतं ते तोंडात धरवू नये. खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि दूध घालून चहा केला तर कपात येईपर्यंत फाटतो. हल्ली नळाला धरणाचं गोड पाणी येतं, दिवसाआड का होईना. पण वहिनी लग्न होऊन आली तेव्हा नळ नव्हता. तिचं माहेर अचलपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, संत्र्याच्या बागांमधलं. नव्या नवरीनं सासरी पहिला घोट घेतला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर अंगणात थुंकला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मला वहिनी त्याच क्षणी आवडली.

बाकीच्यांना आवडली नाही. अंगणातले सगळे डोळे वटारून पाहायला लागले. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची पद्धत नव्हती, पण माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, पुढे झाला आणि घसा खाकरून म्हणाला, "अवं, हे साधं पानी नोहे. हे समुद्राचं पानी हाय. जमिनीखालून येते इथपर्यंत. तुले दाखवीन ना एक दिवस, कुठून येते ते."

दादाला वाटलं, वेळ मारून नेली. पण वहिनी ही विसरणारी बाई नव्हे. डाळ कच्ची राहिली की ती चुलीपासून ओरडायची, "तुमच्या समुद्राले सांगा, आज बी शिजली नाई!" पाहुण्यांचा चहा फाटला की म्हणायची, "समुद्रानं फाडला. आमचे मालक घेऊन जानार हायेत मले त्याच्याकडे. मंग विचारते त्याले." हे असं चाळीस वर्षं चाललं. शेवटी यंदा तूर घरात आली, धाकट्या लेकीचं लग्न उरकलं, दादाचा गुडघा त्यातल्या त्यात बरा होता, आणि त्याचा मला फोन आला.

"लेका, तू शिकलेला हायेस. समुद्र कुठी हाय?"

"दादा, तीन बाजूंना आहे."

"मंग एका बाजूले ने बाप्पा आमाले. आता मरनाच्या आधी दाखवून टाकतो."

इथे माझी ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढे जे काही वाईट घडलं ते माझ्यामुळे. अमरावतीच्या राजापेठेत माझे शिकवणी वर्ग आहेत. पहाटे साडेसहाला पहिली बॅच, आणि मग दिवसभर पंचेचाळीस मिनिटं तास, पाच मिनिटं सुट्टी, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. पंचवीस वर्षांत ती घंटा माझ्या अंगात जाऊन बसली आहे. लग्नाच्या पंगतीत चव्वेचाळिसाव्या मिनिटाला माझे पाय आपोआप उठायला लागतात. मंडळी अजून मठ्ठा पीत असतात आणि मी हात धुऊन चपला शोधत असतो. माझी बायको म्हणते, यांना सरणावर ठेवलं तरी पाऊण तासानं उठतील, पुढची बॅच आहे म्हणून.

असल्या माणसावर सहलीची व्यवस्था आली. बायकोनं गोव्याचं नाव काढलं. दादा म्हणाला, तिथं आपण काय करणार. मी विशाखापट्टणम ठरवलं, आणि त्याचं कारण एकच होतं: मोबाइलवर मला त्या शहराच्या पाहण्याजोग्या ठिकाणांची यादी मिळाली आणि तीत बावीस ठिकाणं होती. तीन दिवसांत बावीस! अंगावर रोमांच उभे राहिले. मी लगेच तक्ता केला. डोंगरावरचं देऊळ, आठ ते पावणेनऊ. रोपवे, दहा ते पावणेअकरा. गुहा, दीपगृह, पाणबुडी, संग्रहालय, बौद्ध विहाराचे अवशेष, सगळं पाऊण-पाऊण तासात बसवलं. समुद्र मी निरनिराळ्या नावांनी पाच वेळा घातला होता, त्यामुळे तो वेगळा दाखवायची गरज मला वाटली नाही.

बडनेऱ्याला आम्ही चौघं गाडीत बसलो तेव्हा वहिनीच्या मांडीवर एक प्लास्टिकची बाटली होती. अशाच आणखी पाच बाटल्या आमच्याजवळ होत्या, म्हणून तिच्या गळ्यात वहिनीनं लाल दोरा बांधला होता.

"ही कोनी पिऊ नका," तिनं बजावलं. "हे आपल्या हिरीचं हाय. तिथं गेलो की एक घोट याचा घेईन अन् एक घोट त्याचा. मंग समजते, मालक खरं बोलले का खोटं."

दादा खिडकीबाहेर पाहायला लागला. बाहेर गावही नव्हतं आणि समुद्रही नव्हता. शेजारच्या रुळावर एक मालगाडी उभी होती. ती तो फार लक्ष देऊन पाहत होता.

नागपूरला गाडी बदलून, पुऱ्या, तिळाची चटणी आणि डझनभर संत्री संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विशाखापट्टणमला उतरलो. हवा अशी दमट की अंगातला सदरा धुवून तसाच घातल्यासारखा वाटावा. लॉजच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मध्ये दोन बोटं रुंद निळी पट्टी दिसत होती. वहिनी पदर खोचून खिडकीशी उभी राहिली.

"भाऊजी, थोच काय?"

"तोच."

"मंग चाला."

"आत्ता नाही, वहिनी. आत्ता देऊळ आहे. आठ ते पावणेनऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मुली ज्या नजरेनं पाहतात, हे काय शिकवणार आपल्याला, तसं.

खाली गाडी उभी होती. जुनी, उंच, दार लावताना दोनदा आपटावं लागणारी. ड्रायव्हर अंगानं भरलेला, परीटघडीच्या पांढऱ्या शर्टातला. त्याच्या हिंदीत दोनच शब्द महत्त्वाचे होते. प्रत्येक जागा म्हणजे पॉइंट, आणि प्रत्येक माणूस म्हणजे सार. वहिनीलाही तो सारच म्हणायचा. तिला ते आवडलं असावं, कारण ती पुढे त्याच्याशी साहेबासारखी बोलू लागली.

पहिल्या दिवसाचा तक्ता देवळातच मोडला. सिंहाचलमचा देव वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायला दोन तास लागले. रांगेत मी एका पायावरून दुसऱ्या पायावर इतका झुलत होतो की पुढचा गृहस्थ वळून म्हणाला, "बाथरूम उधर है." दर्शन झालं. वहिनीनं देवाला काय मागितलं ते मला मोठ्यानं ऐकू आलं, कारण ती नेहमीच मोठ्यानं मागते. "याले जरासा दम दे."

मग कैलासगिरी. रोपवेच्या डब्यात बसून वर गेलो. खाली समुद्र असा पसरला होता की मी अर्धा मिनिट घड्याळ पाहायचं विसरलो. दादानं टोपी काढली. फक्त वहिनी तोंड वाकडं करून म्हणाली, "वरून पाहून काय करू? डोळ्यानं चव समजते काय?"

तिथून पाणबुडी. ती खरीखुरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे आणि तिच्या पोटातून माणसं एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघतात. आत नळ्या, चाकं, तबकड्या, आणि चाळीस माणसांचा घाम. "थ्रेशरच्या पोटातून निंघाल्यासारखं वाटून राहिलं," बाहेर येऊन दादा म्हणाला. आणि बाहेर, समोर, शंभर पावलांवर समुद्र. लाटांचा फेस दिसत होता. मला वाटलं, वहिनी आता पळत सुटेल.

ती जागची हलली नाही. "बाटली कुठी हाय?"

बाटली गाडीत होती. पाणबुडीत पिशव्या नेऊ देत नाहीत, म्हणून सगळं सामान गाडीत ठेवलं होतं, आणि गाडी ड्रायव्हरनं कुठल्या तरी लांबच्या गल्लीत नेऊन लावली होती.

"वहिनी, नुसते पाय तर भिजवून घ्या," माझी बायको म्हणाली.

"रिकाम्या हातानं नाई जात मी. चाळीस वर्सं थांबली, आता बाटलीसाठी कशाले घाई?"

शहाण्या माणसानं गाडी बोलावली असती. मी घड्याळात पाहिलं. "मग हे उद्यावर टाकू. संग्रहालय पाचला बंद होतं."

बायकोनं माझ्या दंडाला जो चिमटा काढला तो अमरावतीला परतल्यावरही निळा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी समुद्राकडे पाठ करून निघाली. वहिनीच्या हे ताबडतोब लक्षात आलं. "ड्रायव्हरसाहेब, समुद्र तिकडे हाय, गाडी इकडे काहून चालली?" ड्रायव्हरला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. त्यानं गुन्हेगाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट केलं. तक्त्यात त्या दिवशी बोर्राच्या गुहा होत्या आणि अराकूचं खोरं.

गुहा जबरदस्त आहेत. डोंगराच्या पोटात एखाद्या गावाचं गाव मावेल एवढी पोकळी, आणि छतापासून लोंबणारे, जमिनीतून उगवणारे दगड. गाइड विजेरीचा झोत टाकून सांगत होता, हा हत्ती, ही गाय, हे आईच्या कडेवरचं मूल. "मले तं थो कोपऱ्यातला आमच्या तलाठ्यासारखा दिसून राहिला," दादा म्हणाला. "आला की असाच उभा राह्यते. बोलत बी नाई, जात बी नाई." वहिनी खळखळून हसली. दोन दिवसांत प्रथमच. मला वाटलं, जमलं. आता सगळं जमलं.

आणि त्यानंतर चढावर गाडी तापली.

बॉनेटमधून वाफ यायला लागली तसा ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. पंधरा मिनिटं थंड होऊ दिली. मग फडक्यानं झाकण उघडलं, रिकामा डबा घेतला आणि खालच्या ओढ्यावर पाणी आणायला गेला. दादा-वहिनी एका झाडाखाली संत्रं सोलत बसले. बायको फोटो काढत होती. मी एकटाच त्या उघड्या तोंडाच्या रेडिएटरसमोर येरझारा घालत होतो. घाटातल्या कॉफीच्या मळ्याची वेळ निघून चालली होती. अराकूची वेळ निघून चालली होती. ड्रायव्हर काही ओढ्यावरून येईना.

आमच्याकडे उन्हाळ्यात अकोला-अकोट रस्त्यावर गाडी तापली की माणूस विचार करत नाही. हाताला लागेल ती बाटली उचलतो आणि ओततो. मी गाडीत हात घातला, मागच्या सीटवरची भरलेली बाटली उचलली, बूच फिरवलं आणि ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत, निवांत, पुण्यकर्म केल्यासारखी. मग रिकामी बाटली वर केली आणि तिच्या गळ्यातला लाल दोरा माझ्या अंगठ्याला लागला.

"अबे!" झाडाखालून दादा ओरडला. "काय ओतलं? अबे, हिरीचं पानी इंजिनात ओतलं?"

खारपाणपट्ट्यात हे शेंबडं पोरही जाणतं: विहिरीचं पाणी गाडीत घालायचं नसतं, बॅटरीत तर नसतंच नसतं. पांढरी पुटं धरतात, नळ्या बुजतात. मी त्याच गावात जन्मलो. राजापेठेतल्या नळाच्या गोड पाण्यानं तीस वर्षांत माझ्या डोक्यातून ते धुऊन नेलं होतं.

ड्रायव्हर आला, त्याला सगळं हातवाऱ्यांनी समजावलं. त्यानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे अशा दुःखानं पाहिलं की जणू मी त्याच्या म्हशीला विष घातलं होतं. "सार, इतना दूर से नमक का पानी क्यों लाया, सार?" खालची तोटी सोडून त्यानं ते सगळं पाणी घाटातल्या तांबड्या मातीत जाऊ दिलं.

वहिनी आली. तिनं माझ्या हातातली बाटली घेतली, उलटी करून पाहिली. एक थेंब पडला. तोही तळहातावर न पडता खाली पडला.

"भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "तुमी आपल्या गावचे हा, का पाहुने?"

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ड्रायव्हरशी बोलली.

संध्याकाळी लॉजच्या गॅलरीत दादा माझ्याजवळ येऊन बसला. मी मान खाली घालून तयार होतो. पण त्याचं काही निराळंच होतं.

"लेका, खरं सांगू? बाटली सांडली तं मले बरंच वाटलं."

"म्हणजे?"

"म्या तवा ठोकून देल्लं होतं बे. समुद्राचं पानी कुठून येईन आपल्या गावात? नव्या नवरीकडे सारे डोळे वटारून पाहून राहिले होते, म्हून सांगतलं काईतरी. मले काय मालूम, हे चाळीस वर्सं धरून बसंन." तो गुडघा चोळत राहिला. "त्या पान्यावर तिनं जिंदगी काढली. कंबर गेली, दात पिवळे झाले. पन शिव्या देल्ल्या त्या समुद्राले देल्ल्या, मले नाई. उद्या तिनं समुद्र तोंडात घेतला अन् थुंकून म्हनली, हे थे नोहे, तं मी कुठी तोंड दाखवू?"

"पण आता बाटलीच नाही. ताडून कसं पाहणार?"

"तिले बाटली लागते काय?" दादा म्हणाला. "जीभ हाय ना तिची."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीची गाडी होती. तक्त्यात त्या दिवशीची सहा ठिकाणं होती. पहिलं भीमिली. शहरापासून तासाभरावरचं हे जुनं गाव, नदी समुद्राला मिळते तिथलं, छोट्या दीपगृहाचं आणि कोळ्यांच्या होड्यांचं. नऊ ते पावणेदहा. त्यानंतर डोंगरावरचे बौद्ध अवशेष होते, आणि मला ते चुकवायचे नव्हते. हे मी गाडीत दोनदा सांगितलं. 

गाडी थांबली तशी वहिनी उतरली आणि चालायला लागली. हातात रिकामी बाटली. चपला तिनं वाळूत सोडल्या, मागे वळून पाहिलं नाही. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्यामागे, दहा पावलं अंतर ठेवून. वरातीमागून चालावं तसा नव्हे, पंचायतीसमोर बोलावल्यासारखा.

लाट आली, तिच्या पायावरून गेली. ती दचकली, हसली, परत पुढे झाली. दुसरी लाट आली तेव्हा तिनं वाकून ओंजळ भरली आणि तोंडात घेतली.

आणि थुंकली. थेट चाळीस वर्षांपूर्वीसारखी.

"थू! हे तं कडू जहर हाय!" तिनं पदरानं जीभ पुसली. मग वळून दादाकडे पाहिलं. "हे आपलं पानी नोहे, बाप्पा. आपलं तं याच्यापुढं साखर."

 दादा एका होडीच्या रंगाकडे पाहत होता. निळा रंग होता, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.  वहिनी वाळूत येऊन बसली, आणि तिचा चेहरा मी यापूर्वी कधी न पाहिलेला होता. रागाचा नाही. एखादं ओळखीचं माणूस स्टेशनवर घ्यायला येणार होतं आणि आलं नाही, तसा.

माझ्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. माझा पाय आपोआप हलायला लागला.

"तोंड खारं झालं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "गोड पानी आना." पाणी गाडीत, गाडी लांब. मी आणतो म्हणेपर्यंत ती गुडघ्यावर बसली होती आणि दोन्ही हातांनी वाळू उकरत होती.

"वहिनी, हे काय करताय?"

"झिरा करून राहिली."

उन्हाळ्यात पूर्णा आटली की आमच्याकडे नदीच्या वाळूत हातभर खड्डा करतात. हळूहळू त्यात पाणी झिरपतं, निवळतं, आणि विहिरीपेक्षा ते पाणी बरं असतं. गावातल्या बायका वर्षानुवर्षं असं पाणी भरत आल्या. पण समुद्राच्या काठी झिरा! मला हसू आवरेना. "अहो वहिनी, समोर एवढा समुद्र आहे, त्याच्या वाळूत गोड पाणी कुठून येईल? लोक हसतील."

"हसू द्या. नदीच्या काठी येते तं याच्या काठी काहून नाई?"

खड्ड्यात पाणी आलं. तिनं चाखलं. जहर. लगेच एक लाट आली आणि खड्डाच बुजवून गेली.

तेवढ्यात वाळूवर मासळी वाळत घालणारी एक बाई उठून आली. वहिनीच्याच वयाची, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, काखेत जर्मनचं भांडं. तिनं खड्ड्याकडे पाहिलं, तेलुगूत काही तरी बोलली आणि वहिनीला दंडाला धरून उठवलं. दोघी चालायला लागल्या. होड्यांच्या पलीकडे, वाळू जिथे वर चढते आणि सुरूची झाडं सुरू होतात तिथे बाईनं टाचेनं खूण केली. बसल्या दोघी उकरायला. ही वऱ्हाडीत बोलत होती, ती तेलुगूत, आणि दोघी एकमेकींना होकार देत होत्या.

"हिले बी पान्याचा तरासच हाय," वहिनीनं मला अनुवाद करून सांगितला. कसा केला ते देव जाणे.

कोपरभर खोल गेल्यावर वाळू ओली झाली. मग तळाला गढूळ पाणी जमलं. बाईनं भांड्यानं ते उपसून फेकलं. मी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाणी जमायला लागलं, थेंबाथेंबानं. "झालं का?" मी विचारलं. "पह्यलं फेकाचं, दुसरं बी फेकाचं, तिसरं प्याचं," वहिनी म्हणाली. "झिऱ्याले घाई नाई चालत, भाऊजी." पावणेदहा वाजले. ड्रायव्हर शोधत आला. "सार, बुद्धा पॉइंट?" मग तोही खड्ड्यात डोकावला आणि मांडी घालून बसला. बायकोनं माझा हात धरला. प्रेमानं नव्हे, मी उठू नये म्हणून. सव्वादहा. दुसरं पाणी उपसलं. दीपगृह गेलं, बौद्ध अवशेष गेले, माझ्या मांडीतून मुंग्या चालत होत्या. ते पाणी जमण्याचं पाहत बसणं म्हणजे एखाद्या मठ्ठ पोराचा गुणाकार सुटेपर्यंत थांबणं. आणि तरीही, खरं सांगतो, मलाही आता त्या खड्ड्याशिवाय दुसरीकडे पाहवत नव्हतं. दादाला तर नव्हतंच. तो सुरूच्या झाडाला धरून उभा होता.

तिसरं पाणी निवळलं. वहिनीनं ओंजळभर घेतलं, तोंडात फिरवलं, डोळे मिटले. आम्ही पाचही जण तिच्या गालांकडे पाहत होतो.

तिनं ते गिळलं.

"ओ," ती म्हणाली. "इकडे या."

दादा आला, गुडघा धरत खाली बसला. तिनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्यानं ते पिऊन तिच्याकडे पाहिलं.

"हेच ना?" ती म्हणाली. "तस्संच. पोळ्याच्या टायमाले आपल्या हिरीले येते ना, अगदी तेच. थुंकावं बी वाटत नाई अन् पेवं बी वाटत नाई."

"मंग मी काय म्हनत होतो!" दादाच्या आवाजात एकदम चाळीस वर्षं कमी झाली. "समुद्राचंच हाय म्हून!"

"राहू द्या. तुमी काय म्हनत होते ते मले मालूम हाय. थाप मारली होती तुमी. म्या त्याच दिवशी वयखलं होतं."

दादानं ओले हात सदऱ्याला पुसले. "मंग चाळीस वर्सं काहून..."

"दुसरा कोनी असता तं म्हनला असता, गुपचूप पे," वहिनी बाटली खड्ड्यात धरत म्हणाली. बुडबुडे यायला लागले. "तुमी थाप तरी मारली. म्या म्हनलं, पाहू, खरी निंघते का."

बाटली भरायला फार वेळ लागला, कारण पाणी पुन्हा पुन्हा झिरपायची वाट पाहावी लागत होती. लाल दोरा तिनं दोन वेढे देऊन घट्ट केला. निघताना तिनं राहिलेली संत्री त्या बाईच्या ओटीत घातली. बाईनं आम्हाला सुकी मासळी देऊ केली, आणि आमच्या माळकरी दादानं ती दोन्ही हातांनी घेऊन ड्रायव्हरला दिली. बावीसपैकी नऊ ठिकाणं पाहून झाली. राहिलेल्या तेरांची नावं मला अजून पाठ आहेत.

गावी पोचल्यावर वहिनी चपला न काढता विहिरीवर गेली. बाटली आत रिकामी करत, वाकून, सुनेला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "घे बाई, तुया माहेरचं आनलं."

मी आता महिन्यातून एकदा गावी जातो. सगळ्यांचा चहा नळाच्या पाण्याचा होतो, माझा वेगळा, विहिरीच्या पाण्याचा. तो कपात येईपर्यंत फाटलेला असतो, वर पांढरे कण तरंगत असतात. वहिनी समोर उभी राहते, कंबरेवर हात ठेवून.

"प्या, भाऊजी. सावकाश. का जाचं हाय कुठी?"

"नाही वहिनी," मी म्हणतो, आणि पितो. घड्याळ तिनं दारातच उतरवून घेतलेलं असतं.